उरलेले जीव

शुक्रवारी रात्री उशिरा रेडिओवर निवेदक म्हणायचा,
टेप तयार ठेवा.
मग चार मिनिटं नुसती किंकाळी,
पत्र्यावरून कुणी खिळा ओढत राहावा तशी.
बाबा ओरडायचे, बंद कर ते, दात आंबतात.
मी श्वास धरून टेपरेकॉर्डरला चिकटलेली.
त्या किंकाळीत अख्खा खेळ असायचा,
पूल, वटवाघळं, एक किल्ली.
आणि खालच्या रस्त्यावर ट्रॉलीबसच्या तारेनं
एक ठिणगी टाकली
की मुसळ केरात.
पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबा.

लुब्लिन, सत्त्याऐंशी साल.
साबणाला रांग, मांसाला रांग,
आणि आमच्या स्वयंपाकघरात एका चौकोनी माणसाला
उडी मारता येत होती.
तीन जीव मिळायचे.
मोजून तीन.
जीव लावायचा तो जपून,
ही सवय तेव्हाची.

आता मी बावन्नची. त्याच तारांखाली
ट्रॉलीबस चालवते.
रात्री आई झोपली
की किल्ल्याच्या भिंतीवर पहाऱ्याला जाते.
तिथे मी बोर्सुक. मिशीवाला, आडदांड, अबोल.
अबोल म्हणजे, फक्त टाइप करते,
आईची झोप फार सावध.
सगळे मला बाप्या समजतात.
मीही कधी खोडून काढलं नाही.

भाचा टिमोन विचारतो, मावशी, यातून मिळतं काय तुला?
त्याच्या खेळात रोज सकाळी एक पेटी उघडावी लागते,
नाही उघडली तर कालचं वजा.
टोपी विकत, नाच विकत,
टोपी घालून नाचायची मुभा आणखी वेगळी विकत.
मी हसते त्याला.
माझ्या फोनवर दोन पेट्या ताटकळत असतात.

आणि ती अनोळखी पोरं. हरली
की थेट आईवरून शिव्या.
पलीकडच्या खोलीत तीच आई
कूस बदलत असते.

पण झेनोबियूश आहे.
(खरं नाव नसावं. असं नाव हल्ली कोण ठेवतं?)
नऊ वर्षं त्याचा खोकला माझ्या कानात आहे,
दोन आखूड, एक लांब,
आणि मागोमाग, "चला, झालं ते झालं."
दलदलीत, आगीत, ड्रॅगनच्या पोटात,
सगळा डाव मोडल्यावरही तेच.

फेब्रुवारीत जुन्या साखर कारखान्याच्या थांब्यावर
एक माणूस चढला. पिशवीतून कांद्याची पात बाहेर.
खोकला.
दोन आखूड.
मी आरशात बघत राहिले.
एक लांब.
त्यानं एका म्हातारीला जागा दिली, तिनं ती नाकारली,
तर म्हणाला, "चला, झालं ते झालं."
माझा पाय ब्रेकवर पडला. अख्खी गाडी पुढे कलंडली.

त्या रात्री तो सगळ्यांना सांगत होता,
आज ड्रायव्हरणीनं माझे दातच पाडले असते.
हसले सगळे.
मी टाइप केलं, बेअक्कल असेल.
तो म्हणाला, नाही रे बोर्सुक.
दमली असेल.
रोज बघतो मी, पाठीवरून दमलेली वाटते.

बराच वेळ माझी बोटं कीबोर्डवर तशीच.
कुणीतरी विचारलं, बोर्सुक, नेट गेलं का?

माझी पाठ.
इतक्या वर्षांत कुणी बघितली होती?
नऊ वर्षं मी त्याच्या पाठीशी उभी, ढाल घेऊन,
आणि हा दुसऱ्या बाकावर,
रोज सहा दहाला,
माझ्या पाठीशी.

सांगावं, असं दर रविवारी ठरतं.
सांगितलं तर कदाचित एक जीव जाईल,
आणि किती उरलेत
ते हल्ली वरच्या कोपऱ्यात दिसत नाही.

गुरुवारी बर्फ होता. तो आरशात दिसला,
घसरत, पळत, एक हात वर केलेला.
नियमाप्रमाणे दार लावायला हवं होतं.
मी उघडं ठेवलं. अकरा सेकंद.
मागून कुणीतरी कुरकुरलं.

तो चढला, धापा टाकत,
माझ्या काचेवर दोन बोटं टेकवली,
आणि खोकला.